हॉलला पोपटी रंग द्यावा का? (घरात मतदान २-२)

डोंबिवलीकरीण

नमस्कार मंडळी. गणपतीच्या आधी घर रंगवून घ्यायचं ठरलंय. इमारत १९८६ सालची, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. हॉल १० बाय १४, खिडकी एकच, तीही उत्तरेला, आणि समोर शेजारच्या बिल्डिंगची भिंत. हात लांब केला तर त्यांच्या पाइपला लागेल. सकाळी अकरा वाजताही ट्यूब लावावी लागते. गेली बारा वर्षं भिंती ऑफ व्हाइट आहेत. म्हणजे पहिली दोन वर्षं ऑफ व्हाइट होत्या, पुढे नुसत्याच ऑफ.

मला पोपटी हवाय. पिस्ता नको, मेंदी नको, शेवाळी तर नकोच. माझं माहेर राजापूरकडचं. पावसात भाताचा तरवा (कोवळी रोपं) आठ-दहा दिवसांचा झाला की जो पिवळसर हिरवा चमकतो ना, तो.

मुलगा (नववीत) माझ्या बाजूने. नवरा म्हणतो, "कोथिंबिरीच्या जुडीत राहायचंय का?" सासूबाईंचं म्हणणं, आलेल्या पाहुण्यांची तोंडं हिरवी दिसतील. कुणी खरंच पोपटी दिलाय का घरात? अनुभव सांगा. दिला नसेल तर सल्ले नकोत (तरी देणारच आहात, माहीत आहे).

पाटीवरचा

शीर्षकातलं 'पोपटी' तेवढं वाचून, मडक्यात भाजतात ती खायची पोपटी समजून धावत आलो. वालाच्या शेंगा, मडकं, भांबुर्डीचा पाला, सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं. उघडलं तर भिंत. माझाच पोपट झाला.

नाखवा

@पाटीवरचा, श्रावणात कसली पोपटी लावतोस रे? शेंगा भरायला थंडी पडावी लागते. जानेवारीत अलिबागला ये, शेतातच लावू.

ताई, तुमचं चालू द्या. आमच्या घराला बाहेरून पोपटी आहे. आतून देण्याची छाती नाही झाली.

केळफूल

मी दिलाय. आणि आठ महिन्यांत बदललाय.

ठाण्यात बेडरूमच्या चारही भिंतींना दिला होता. शेडकार्डावर तो चौकोन पोस्टाच्या तिकिटाएवढा असतो, तेवढ्यात फार गोड वाटतो. भिंतीवर आला तेव्हा लेकीच्या वहीतला हायलायटर झाला. का, ते नंतर कळलं. समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर रंग फेकतात, त्यामुळे मधल्या हवेलासुद्धा रंग लागल्यासारखं होतं. छत पांढरं ठेवलं होतं, तेही कडेकडेने हिरवट दिसायला लागलं. मी आरशासमोर उभी राहिले की तीन दिवस कावीळ झाल्यासारखी. तुझ्या सासूबाईंचं म्हणणं अगदी बरोबर आहे, मला हे लिहिताना त्रास होतोय.

विदर्भी_ठेचा

काऊन घाबरवून राह्यले बावा तिले? नागपूरले आमच्या घरी मागच्या खोलीले पंचवीस वर्षं पोपटीच आहे. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस डिग्री, डोळे दिपून जातात. आत आलं, कूलर लावला, वाळ्याची ताटी भिजवली, अन् समोर ते हिरवी भिंत. जिवाले बरं वाटते.

केळफूल

@विदर्भी_ठेचा, तुमच्याकडे ऊन आहे हो! तिच्याकडे समोरच्यांचा पाइप आहे.

अर्धवट_इंजिनिअर

थोडं ज्ञान पाजळतो, दिवे घ्या.

दिवसाच्या उजेडात माणसाचा डोळा सगळ्यात जास्त संवेदनशील असतो तो ५५५ नॅनोमीटरच्या आसपास. हा नेमका पिवळट हिरवा, म्हणजे आपला पोपटीच. तेवढीच ऊर्जा लाल किंवा निळ्या प्रकाशाने पाठवली तर डोळ्याला ती बरीच कमी उजळ वाटते. टेनिसचा चेंडू आधी पांढरा असायचा. रंगीत टीव्हीवर तो दिसेना, म्हणून १९७२ साली हा भडक पिवळा चेंडू नियमात आला. विम्बल्डनवाले मात्र १९८६ पर्यंत पांढऱ्यालाच चिकटून राहिले. (तुमची इमारतही त्याच सालची. योगायोग.)

तेव्हा अंधाऱ्या खोलीला पोपटी ही कल्पना अगदीच वेडी नाही. पण जो रंग मैदानावरून लगेच डोळ्यांत भरतो तो सोफ्यावरूनही भरणारच. त्याच्याकडे बघायचं नाही म्हटलं तरी नजर तिथेच जाते.

मी_अनामिक

म्हणजे नवऱ्याला सांगायचं, "आपण टेनिसच्या चेंडूत राहतोय." पटेल लगेच.

सातारी_कुंचला

वीस वर्षं रंगकामाचे ठेके घेतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, पोपटीला अंगच नसतं. दुकानातल्या टिंटिंग मशीनवर फिका रंग बनवतात तेव्हा पांढऱ्या बेसमध्ये थोडं टिंट पडतं. पांढऱ्यात टिटॅनियम डायऑक्साइड भरपूर, त्यामुळे भिंत चटकन झाकते. भडक पोपटीला जो बेस लागतो त्यात पांढरं जवळपास नसतं, आणि पिवळं टिंट मुळातच पारदर्शक. दोन हातांत खालचा रंग दिसत राहतो, डाग डाग दिसतात, आणि मग गिऱ्हाईक म्हणतं रंगाऱ्याने पाणी जास्त घातलं. तीन हात धरूनच चला. तिसऱ्या हाताचे पैसे आधी बोलून घ्या, म्हणजे नंतर तोंडं वाकडी होत नाहीत. खाली स्वच्छ पांढरा प्रायमर हवाच.

दुसरं, शेडकार्डावर विश्वास ठेवू नका. सगळ्यात लहान डबा आणा आणि दोन बाय दोन फुटांचे तुकडे मारा, दोन वेगळ्या भिंतींवर. जुन्या रंगावर थेट नको, आधी तिथे पांढरं मारा. ओला असताना रंग वेगळा दिसतो, वाळल्यावर बसतो. सकाळी, दुपारी आणि रात्री दिवा लावून बघा. तीन दिवसांनी ठरवा.

तिसरं, नव्या प्लास्टरवर घाई केली तर चुन्याचा क्षार असे रंग खातो, पांढरट चट्टे पडतात. तुमचं प्लास्टर जुनं आहे, तो प्रश्न नाही. ओल आहे का कुठे, ते मात्र बघून घ्या.

गोंयचो_पाव

आमच्या फोंतेन्हासमध्ये या कधी. पणजीतला जुना वाडा, अरुंद गल्ल्या, एकाला खेटून एक घर. पिवळं, निळं, तांबडं, मधूनच पोपटी. पोर्तुगिजांच्या काळात पांढरा शुभ्र रंग फक्त चर्चला आणि घरांना दुसरे रंग, असा दंडक होता म्हणून सांगतात. पण एक बघा, भिंत कितीही भडक असली तरी खिडक्यांच्या कडा पांढऱ्या. ती पांढरी रेघ काढून टाकली तर सगळी गल्ली अंगावर येईल.

चौकट

मी इंटिरियरचं काम करते. सरळ सांगते, एकच भिंत पोपटी करा, बाकीच्या तीन उबदार पांढऱ्या. खिडकी ज्या भिंतीत आहे तिला चुकूनही देऊ नका. त्या भिंतीवर बाहेरचा उजेड पडतच नाही, शिवाय खिडकीच्या झगमगाटाशेजारी ती कायम काळवंडलेली दिसते. खिडकीच्या समोरची भिंत निवडा.

उत्तरेचा उजेड निळसर असतो. त्यात पोपटी आणखी हिरव्याकडे झुकतो, थंड पडतो. म्हणून तुम्हाला मनात जो वाटतोय त्यापेक्षा एक-दोन घरं पिवळ्याकडची शेड घ्या. आणि ती पांढरी फटक ट्यूब काढून टाका. साडेसहा हजार केल्विनच्या ट्यूबखाली पोपटी भिंत म्हणजे सरकारी दवाखाना. तीन हजारच्या आसपासचे दिवे लावा.

ओसरी

आली, 'एकच भिंत' आली! पंधरा वर्षं जो तो इंटिरियरवाला हेच सांगतोय. ज्याच्या घरी जावं तिथे टीव्हीमागची एक भिंत लाल नाहीतर जांभळी आणि बाकीच्या तीन जणू पैसे संपल्यासारख्या. आमच्या आजोळी कोकणात माजघर अख्खं हिरवट पोपटी होतं, चुन्यात रंग कालवून दिलेला. कुणाला कावीळ झाली नाही.

चौकट

@ओसरी, चुन्याचा रंग मऊ असतो. एकसारखा बसत नाही, कुठे फिका कुठे गडद, आणि चमक शून्य. आताचा प्लॅस्टिक पेंट भिंतभर एकजात सपाट. तो चौदा फुटांवर असा पसरला की डोळ्याला कुठे टेकायला जागाच मिळत नाही. शिवाय तुमच्या माजघरात सामान किती होतं? एक फडताळ आणि एक पाट. इथे सोफा, टीव्ही, शोकेस, फ्रिज.

ओसरी

फ्रिज हॉलमध्ये नसावा, हे मान्य. बाकी मुद्दा विचार करण्यासारखा आहे, पण तुम्हाला तसं सांगणार नाही.

डोंबिवलीकरीण

फ्रिज हॉलमध्येच आहे. :(

लिटमस_काकू

निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका. विषय निघालाच आहे म्हणून थोडं अवांतर.

हा रंग भिंतीवर आणायची हौस माणसाला महागात पडलेली आहे. १७७५ साली शेले नावाच्या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने तांबं आणि आर्सेनिक यांचा एक पिवळसर हिरवा रंग बनवला. स्वस्त आणि झगझगीत. एकोणिसाव्या शतकात युरोपात भिंतीच्या कागदांवर, कपड्यांवर, खेळण्यांवर, कृत्रिम फुलांवर, जिथे तिथे असले आर्सेनिकचे हिरवे होते. ओलसर भिंतीवर बुरशी आली की ती त्यातल्या आर्सेनिकचा विषारी वायू करून सोडते. सेंट हेलेना बेटावर नेपोलियनच्या घरातल्या भिंतीच्या कागदातही आर्सेनिक सापडलं, आणि त्यावरून तो विषाने गेला अशी चर्चा बरीच वर्षं चालली. पोटाच्या कॅन्सरनेच गेला, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

आताच्या रंगांत हे काही नसतं, घाबरू नये.

मी_अनामिक

काकू, हे नवऱ्याच्या हाती लागलं तर मतदान २-२ वरून थेट वॉटर्लू.

जर्सीची_जाई

न्यू जर्सीहून. आम्ही घेतलं ते घर सत्तरच्या दशकातलं. स्वयंपाकघरात फ्रिज, ओव्हन, सिंक, झाडून सगळं 'अव्होकाडो ग्रीन'. तेव्हा इथे ती फॅशनच होती. दहा वर्षांत सगळ्यांना त्याचा वीट आला, आणि आता कुणी जुन्या घराचे फोटो टाकले की हसायचं ते त्या हिरव्यावरच. मी मात्र ओव्हन ठेवलाय. त्याच्यासमोर पोळ्या लाटताना बरं वाटतं. फ्रिज बदलला, कारण तो गार करत नव्हता. रंगाचा काही दोष नाही.

आजीचं_फडताळ

धागा भरकटवते, माफी असावी. पण आपल्या लुगड्या-शालूंत रंगांची नावं किती नेमकी होती! पोपटी, अबोली, आमसुली, श्रीखंडी, मोतिया, डाळिंबी, चिंतामणी, गुलबक्षी. आजी दुकानात "पोपटी दाखवा" म्हणायची आणि दुकानदार बरोबर तोच गठ्ठा काढायचा. आता शेडकार्डावर चार आकडी नंबर. त्या नंबरला हाक कशी मारायची?

बाय द वे, माझ्याकडच्या मुंजी-लग्नांच्या फोटोंत पोपटी शालू नेसलेली बाई लगेच सापडते. आणि तिच्या शेजारी उभी असलेली प्रत्येक बाई आजारी दिसते.

पाटीवरचा

कैरी कलर राहिला.

आजीचं_फडताळ

कैरी वेगळा. कैरीत हिरवं जास्त. लिंबू कलर वेगळा, त्यात पिवळं जास्त. पोपटी बरोबर मध्ये.

विदर्भी_ठेचा

अन् आमच्या पोपटाच्या पाठीवर तिन्ही आहेत.

डोंबिवलीकरीण

मंडळी, बातमी आहे! काल रंगारी आले. आतली भिंत पत्र्याने खरवडायला घेतली. ऑफ व्हाइट निघाला, त्याखाली फिका गुलाबी (आम्ही नव्हे, आधीचे मालक), त्याखाली आकाशी, आणि सगळ्यात खाली... पोपटी! छातीएवढ्या उंचीपर्यंत चकचकीत ऑइल पेंटचा पट्टा. तळहाताएवढा तुकडा उघडा पडलाय. सासूबाई बघून म्हणाल्या, "म्हणजे आधीच्यांनाही झाकावासा वाटला." मुलगा म्हणाला, "म्हणजे आधीच्यांनाही द्यावासा वाटला."

आज सगळी भिंत पॉलिश पेपरने घासणार आहेत.

लिटमस_काकू

थांबा! आधी घासणं थांबवा, मग पुढचं वाचा.

त्या काळातल्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या आणि हिरव्या रंगांत, शिसं असण्याची दाट शक्यता आहे. 'क्रोम यलो' म्हणजे लेड क्रोमेट. त्यात प्रशियन ब्लू मिसळला की हिरवा. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) वर नको हा आपल्याकडचा नियम २०१६ चा, लागू झाला नोव्हेंबर २०१७ पासून. तुमची भिंत त्याच्या तीस वर्षं आधीची.

भिंतीवर नीट चिकटून बसलाय तोवर त्याचा त्रास नाही. कोरडं घासलं की धूळ उडते, ती श्वासातून आणि हाताला लागून पोटात जाते. लहान मुलांना आणि गरोदर बायकांना सगळ्यात वाईट. घट्ट बसलेला थर तसाच राहू द्या. जिथे घासायलाच हवं तिथे वॉटर पेपर आणि पाणी वापरा. ब्लो लँपने तर अजिबात जाळू नका. रंगाऱ्यांनाही चांगले मास्क द्या, नुसता रुमाल बांधून उपयोग नाही. जमिनीवर प्लॅस्टिक पसरा, नंतर झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या. मुलाला दोन दिवस आजीबरोबर दुसरीकडे पाठवता आलं तर उत्तम.

जर्सीची_जाई

काकूंना अनुमोदन. इथे १९७८ च्या आधीचं घर विकताना शिशाच्या रंगाबद्दल माहीत असेल ते लेखी द्यावं लागतं. आम्ही खिडक्यांच्या चौकटी घासायच्या आधी तपासून घेतल्या होत्या.

सातारी_कुंचला

काकूंचं बरोबर आहे. आम्ही पोरं असताना दिवसभर कोरडं घासायचो, संध्याकाळी त्याच हाताने वडापाव. कुणी सांगितलंच नाही.

कामाचं सांगतो. ऑइल पेंटच्या चकाकीवर थेट प्लॅस्टिक पेंट मारला तर तो धरत नाही, वर्षभरात पोपटीचे पोपडे. वॉटर पेपरने ओलं घासून चकाकी मारा, पुसा, वाळू द्या. ऑइल पेंटवर धरणारा प्रायमर मिळतो, तो द्या आणि मगच पुढचं. जिथे थर सुटलाय तिथेच लांबी (पुट्टी) भरा, सगळी भिंत भरू नका.

आणखी एक, परवापासून डोक्यात घोळतंय. तुमच्या हॉलमध्ये आकाशाचा उजेड येतच नाही. येतो तो समोरच्या बिल्डिंगच्या भिंतीवर आपटून. ती भिंत कसली आहे?

डोंबिवलीकरीण

थांबवलं! रंगारी आधी हसले, मग मी काकूंचं पोस्ट वाचून दाखवलं तेव्हा गप्प झाले. त्यातल्या मोठ्यांनी विचारलं, "आम्ही आजवर केलं त्याचं काय?" मला काही उत्तर सुचलं नाही. चांगले मास्क आणले. मुलगा आणि सासूबाई नणंदेकडे कल्याणला.

@सातारी_कुंचला, समोरची भिंत सिमेंटची, काळी पडलेली, शेवाळ आलेली.

सातारी_कुंचला

मग निम्मं उत्तर तिथेच आहे. त्यांच्या सोसायटीशी बोला. तुमच्या खिडकीसमोरचा तेवढाच पट्टा पांढरा करायला एक-दोन डबे बाहेरचा रंग आणि दोरीवरचा माणूस लागेल, खर्च तुम्ही देऊ करा. आणि खिडकीच्या आतल्या बाजू, नऊ इंची भिंतीची जी जाडी दिसते ना, तिथे पोपटी द्या. येणारा उजेड त्यावर घासून आत येतो. रंग लागतो वाटीभर.

चौकट

खिडकीच्या आतल्या बाजू! हे मला सुचायला हवं होतं. @सातारी_कुंचला, साष्टांग.

ओसरी

खिडकीची भिंत चुकूनही नको म्हणणाऱ्या बाई याच ना?

चौकट

भिंत नको म्हटलं होतं. जाडी वेगळी. (हरले, चला.)

डोंबिवलीकरीण

तीन आठवड्यांनी येतेय, गणपती उठले.

शेवटी काय झालं ते सांगते. तीन शेडचे तुकडे मारले. माझ्या मनातली तरव्याची शेड रात्री ट्यूबखाली खरोखर दवाखाना दिसत होती, त्यामुळे पिवळ्याकडची घेतली. खिडकीसमोरची भिंत पोपटी, तीन हात लागले (आधीच बोलून ठेवलं होतं, धन्यवाद). बाकी तीन भिंती आणि छत पांढरं. खिडकीच्या आतल्या बाजूही पोपटी. त्याची सगळ्यात जास्त मजा येते. सकाळी नऊला त्या कडा आतून दिवा लावल्यासारख्या दिसतात. पिवळसर दिवे लावले. ट्यूब एक ठेवली आहे, सासूबाईंना तांदूळ निवडायला.

सोफा पोपटी भिंतीला लावला नाही, समोर ठेवला. म्हणजे पाहुणे भिंत बघतात, भिंतीशेजारी बसत नाहीत. तोंडाचा प्रश्न मिटला. मखर मात्र त्याच भिंतीपुढे केलं, आणि लाल जास्वंदीचा हार काय उठून दिसला!

समोरची सोसायटी "मीटिंगमध्ये विषय घेऊ" म्हणाली. म्हणजे माझ्या मुलाच्या लग्नापर्यंत होईल.

नवरा अजून कोथिंबीरच म्हणतो. पण काल त्याने ऑफिसच्या व्हिडिओ कॉलला खुर्ची उचलून बरोबर त्याच भिंतीसमोर नेऊन ठेवली. मी काही बोलले नाही. सासूबाई बोलल्या: "तोंड हिरवं दिसतंय रे तुझं."

ते जुनं पोपटी झाकून टाकलं, पण दाराच्या मागे एक चौकोन मुलाने ठेवायला लावलाय. काकू, घासलेला नाही, वरून वॉर्निश मारलंय.

आता पडदे. पांढरे की राखाडी?

आजीचं_फडताळ

अबोली!

केळफूल

पांढरे. आणि धुवायला सोपे.

ओसरी

पडद्यांसाठी नवा धागा काढा.

नाखवा

आणि पोपटीसाठी जानेवारी. मडकी मी आणतो, पाला पाटीवरचा आणेल.

पाटीवरचा

मला भांबुर्डी ओळखता येत नाही. कुणी फोटो टाका, पण शेडकार्डाचा नंबर नको.